सात जणींची लेस

पत्र ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आलं. मजकूर तीन ओळींचा होता. मात्सोर्बो बेटावरच्या दफनभूमीतला चौथा पट्टा मुदत संपल्यामुळे उघडला जाणार होता. त्यात इर्मा वियो यांची कबर होती. गुरुवार, चौदा नोव्हेंबर, सकाळी आठ वाजता नातेवाइकांना हजर राहता येईल. बारा वर्षं झाली की कबर उघडतात, हाडं लहानशा जस्ताच्या पेटीत भरतात आणि पेटी भिंतीतल्या कोनाड्यात जाते. बेटांवर जागा कमी. मेलेल्यांनाही बिऱ्हाड बदलावं लागतं.

ओर्नेल्लाने पत्र उभ्यानेच वाचलं, घडी करून एप्रनच्या खिशात ठेवलं आणि भांडी विसळत राहिली. मुख्य भूमीवरच्या मेस्त्रे शहरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या स्वयंपाकघरातून समोरच्या इमारतीची गच्ची तेवढी दिसत असे. बुरानो बेट सोडून तिला त्रेचाळीस वर्षं झाली होती. आईच्या कबरीच्या पत्रव्यवहारासाठी पत्ता तिचा दिलेला होता, कारण थोरली बहीण एल्दा हिला आता अक्षरं दिसत नव्हती. तीस वर्षं जाळीचा टाका घालून एल्दाचे डोळे गेले होते. कडेकडेचं काही दिसे, मधलं सगळं धुरकट.

एल्दाचा फोन संध्याकाळी आला. गावात कुणाकुणाला पत्रं आली होती, ती बातमी तिच्यापर्यंत पोचली होती.

"तुला आलं असेल की गं. काय म्हणतात?"

"चौदा तारीख. गुरुवार."

"आदल्या दिवशी ये मग. मुक्कामाला. माशाचा भात करते. मेस्त्रेत राहून तुला मासा म्हणजे डब्यातला माहीत."

"बघते. दुइल्योचं औषधपाणी असतं."

"दुइल्यो एक रात्र मरणार नाही. आणि मेलाच तर सोय आहेच, पट्टा रिकामा होतोय." एल्दा स्वतःच हसली. "काय उरलं असेल गं? हाडं. जपमाळेचे मणी. लेस तर गेली असेल मातीत. जायलाच हवी. त्यासाठीच केली होती."

"हो."

"दफनभूमीतला सिल्वानो सांगत होता, गेल्या खेपेला त्या बेकरीवालीच्या सासूची कबर उघडली. बाईचे पाय गेले, पण नायलॉनचे मोजे जसेच्या तसे! बारा वर्षं! म्हणाला, धुऊन घातले असते तर चालले असते. खरा धागा कुजतो बघ. खोट्याला माती खात नाही. किती वाजता आहे?"

ओर्नेल्लाने खिशातल्या पत्राला हात लावला.

"अकरा," ती म्हणाली.

"अकरा? चुलीवर भांडं चढवायच्या वेळेला? सरकारी डोकं."

फोन ठेवल्यावर ओर्नेल्ला खुर्चीवर बसली. नायलॉन कुजत नाही, ही गोष्ट तिला माहीत नव्हती असं नाही. कोणालाही माहीत असते. बारा वर्षांत तिने ती आईच्या शवपेटीशी जोडून पाहिली नव्हती, एवढंच.

लेस सात जणींची होती. बुरानोवर कोणत्याही बाईला पूर्ण लेस येत नाही. एक नक्षीची रेघ धाग्याने बांधते, दुसरी पाकळ्या भरते, तिसरी दुवे घालते, चौथी जाळी विणते, पाचवी उठाव देते, सहावी कापडापासून लेस सोडवते, सातवी साफ करते. हातात येतो तो एक टाका, आणि तोच आयुष्यभर. एका गल्लीतल्या सात जणींनी सहा हिवाळे, ऑर्डरी सांभाळून, एक पट्टी केली. दीड वीत लांब, हाताएवढी रुंद, मधे तीन गुलाब आणि कडेला वेल. ठराव असा की आपल्यातली जी आधी जाईल तिच्या जोडलेल्या हातांवर ती घालायची आणि तिच्याबरोबर मातीत द्यायची. जन्मभर परक्या नवऱ्यांच्या परक्या बायकांसाठी काम केलं, एक काम कुणालाच विकायचं नाही. उठाव इर्माचा होता, जाळी एल्दाची. सोडवण आसुंताची. सोडवण म्हणजे दोन कापडांच्या मधले टाके कात्रीने छाटून लेस मोकळी करायची. केसभर हात चुकला की वर्षाचं काम गेलं. आसुंताचा हात एकदाही चुकला नव्हता.

इर्मा आधी गेली. आसुंताने तिला आंघोळ घातली, काळा झगा घातला, हात जोडले, वर ती पट्टी ठेवली. पहाटे शेवटचा पाऊण तास मृतापाशी बसायची पाळी धाकट्या मुलीची होती. ओर्नेल्लाने आदल्या दुपारी बोटीच्या धक्क्याजवळच्या दुकानातून, जिथे पाहुण्यांसाठी बाहेरून आलेला यंत्राचा नायलॉनचा माल लटकलेला असतो, साधारण तेवढ्याच आकाराची गुलाबांची पट्टी घेतली होती. ती तिने खरीच्या जागी ठेवली; मेणबत्तीच्या उजेडात फरक दिसला नाही. पेटी बंद करणाऱ्यांनी पाहिलंच नाही.

तिने खरी लेस विकायला घेतली नव्हती. लहानपणी ती आईशेजारी लेस विणायची उशी घेऊन बसली होती तेव्हा आईने चौथ्या दिवशी तिचे हात उलटे करून पाहिले आणि म्हणाली, "ह्या पोरीच्या तळहाताला घाम येतो. धागा पिवळा पडेल." घरातल्या बायकांच्या घोळक्यातून ती त्या दिवशी उठली ती उठलीच. पुढे कारखान्याच्या खानावळीत नोकरी, मेस्त्रे, दुइल्योशी लग्न. लेस तिने निळ्या कागदात गुंडाळून पलंगाच्या खालच्या खणात ठेवली. बारा वर्षांत दोनदा काढून पाहिली, दोन्ही वेळा हात साबणाने धुऊन आणि टाल्कम लावून.

आता तिने योजना केली, आणि ती योजना वाईट नव्हती. सव्वासहाची बोट. सातच्या सुमारास मात्सोर्बो. सिल्वानो कबर उघडायच्या आधी त्याला गाठायचं, म्हणायचं, आईच्या हातांवर काही असेल ते मला आधी दे. तो विचारणार नाही. तीस वर्षं मेलेल्यांमध्ये काम केलेला माणूस कमी विचारतो. नायलॉनचा तुकडा पर्समध्ये. खरी लेस हाडांवर, पेटीत. झाकण बंद. अकराला एल्दा येईल तेव्हा भिंतीशी उभं राहून प्रार्थना म्हणायची. मग एल्दाकडे जेवण, आणि तीनच्या बोटीने परत. आईची वस्तू आईला मिळेल, कुणाला काही कळणार नाही. बारा वर्षांत प्रथमच तिला वाटलं की हे देणं आपल्याकडून फिटेल.

सिल्वानोला फोन करून ठेवावा असं तिच्या मनात आलं, पण केला नाही. बुरानोवर सकाळी फोनवर बोललेलं दुपारी मासळीच्या दुकानात ऐकायला मिळतं.

तिने वेळापत्रक स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरलं. ट्राम, मग पायी नव्या घाटापर्यंत, मग बारा नंबरची बोट. एक बोट चुकली तर पुढची कोणती. भरतीचा अंदाज. दुइल्यो दारात उभा राहून बघत होता.

"आईच्या हाडांना भेटायला चाललीस की बँक लुटायला?"

"वेळेत पोचायचं असतं."

"बारा वर्षं थांबलीय ती. अर्धा तास आणखी थांबेल." तो जवळ आला. "मी येतो. एकटीने बघायची गोष्ट नाही ती."

"गुडघे सांभाळ तुझे. दुपारचं झाकून ठेवते, गरम करून खा."

"एल्दाला माझा नमस्कार सांग. म्हणावं, पट्ट्यात जागा धरून ठेव."

"तिने आधीच धरलीय."

चौदा तारखेला धुकं होतं. नोव्हेंबरात धुकं असतं, त्याचा हिशेब तिने केला होता. एवढ्याचा केला नव्हता. घाटावर उभं राहिल्यावर आपल्याच बुटांखालचं पाणी दिसत नव्हतं. सव्वासहाची बोट सहा चाळीसला सुटली. आत बुरानोच्या शाळेत शिकवणाऱ्या दोन बाया वह्या तपासत होत्या आणि एक माणूस तोंड उघडं टाकून झोपला होता. ओर्नेल्ला दाराशी उभी राहिली. पर्समध्ये निळा कागद होता आणि पर्स तिने पोटाशी धरली होती.

वाटेतल्या मुरानो बेटाच्या दीपस्तंभापाशी बोट थांबली आणि थांबूनच राहिली.

"काय झालं?" तिने दोरखंडाजवळच्या खलाशाला विचारलं.

"समोरून एक येतेय. ती गेल्याशिवाय नाही."

"रडार असतं ना?"

"असतं की. रडारला दिसतं. मला दिसत नाही, आणि दोर मला टाकायचाय." त्याने तिच्याकडे पाहिलं. "कामावर?"

"दफनभूमीत."

"मग काय घाई, बाई," तो म्हणाला, आणि लगेच ओशाळला. "माफ करा."

साडेसात वाजले. पावणेआठ. शिक्षिकांपैकी एकीने शाळेत फोन करून सांगितलं की पहिला तास दुसऱ्या कुणाला तरी द्या. ओर्नेल्लाने एकदा उतरून चालत जाता येईल का असा विचार केला, इतकं तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. मधे मैलोगणती पाणी होतं. आठ वाजले तेव्हा ती मनात म्हणाली, सिल्वानो उशिरा सुरू करेल. धुक्यात कुदळ कोण चालवतं? सव्वाआठला बोट हलली. नऊला पाच कमी असताना ती मात्सोर्बोच्या धक्क्यावर उतरली, एकटीच.

पायवाटेवर, दफनभूमीच्या फाटकाच्या अलीकडे, समोरून कुणीतरी येत होतं. धुक्यातून आधी काठी आली, मग चांगला कोट, मग आसुंता. अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई, डोक्याला काळा रुमाल, पायांत रविवारच्या प्रार्थनेचे बूट. ओर्नेल्लाला ओळखायला तिला थोडा वेळ लागला.

"इर्माची धाकटी ना गं तू?"

"हो, आसुंतामावशी. तुम्ही इकडे कशा?"

"माझी पण होती ना ती. सातातल्या आम्ही दोघीच राहिलो, मी आणि एल्दा. म्हटलं, शेवटचं बघून यावं." "मी ठेवली होती गं. ह्या हातांनी ठेवली होती."

ओर्नेल्लाला कळलं. अकरा वाजता येणारी माणसं आठ वाजता आली होती, कबर उघडली होती, नायलॉन वर आला होता. तिला हेही कळलं की ह्या क्षणी तोंड उघडलं तर गोष्ट इथेच थांबेल.

"सावकाश जा, मावशी," ती म्हणाली. "पूल ओला असेल."

आसुंता मान हलवत पुढे गेली. बुरानोकडे नेणाऱ्या लाकडी पुलावर तिची काठी वाजत राहिली, मग तीही ऐकू येईनाशी झाली.

फाटकावर प्लास्टिकच्या पिशवीत घालून कागद डकवलेला होता. चौथा पट्टा, नावं, खाली मोठ्या अक्षरांत: सकाळी आठ. असाच कागद चर्चच्या दारावर लागतो, असाच मासळीच्या दुकानात. लहानपणी तिने शंभर वेळा पाहिलेले कागद. मेस्त्रेत कागद टपालाने येतात आणि ज्याचे त्यालाच येतात. त्रेचाळीस वर्षांत ती तेवढं विसरली होती.

एल्दा नळाजवळ घडीच्या खुर्चीवर बसली होती. खुर्ची सिल्वानोची असावी. तो काही अंतरावर पाठ करून सिगारेट ओढत होता. दोन विटांवर जस्ताची पेटी, लहान मुलाच्या खेळण्यांच्या खोक्याएवढी, उघडी. ओर्नेल्लाने आत पाहिलं आणि नजर काढून घेतली. हाडं तपकिरी होती, चहाच्या रंगाची. एल्दाच्या मांडीवर नळाखाली धुतलेली पट्टी होती, आणि ती पांढरीशुभ्र होती.

"अकरा वाजले का गं?" एल्दा म्हणाली.

"बोट अडकली. मुरानोला."

"मी वेळ विचारली. आसुंतानं चर्चच्या दारावरचा कागद वाचून दाखवला. आठ, म्हणाली. मी म्हटलं, ओर्नेल्लाचं चुकलं असेल, आकड्यांत पहिल्यापासून कच्चीच ती." तिने पट्टी पुढे केली. "धर. हात लाव. तुला सुईतलं कळत नाही, पण हे तुलाही कळेल."

ओर्नेल्लाने हात लावला. पट्टी थंड आणि गुळगुळीत होती.

"गाठ नाही कुठे," एल्दा म्हणाली. "एकही नाही. बाईच्या हाताची असती तर गाठ असती. गुलाबाची पाकळी अशी सपाट, इस्त्रीखालून निघालेली. आई हिच्याखाली बारा वर्षं निजली. जिनं उठाव दिला, तिच्या हातांवर हे. आणि आम्ही प्रार्थना म्हणत होतो."

"एल्दा."

"शेवटचा हात कुणाचा? आसुंताचा. आंघोळ तिनं घातली, झगा तिनं घातला. लेस तिच्याकडे होती ठेवायला. मी विचारलं. सिल्वानोसमोर विचारलं, दुसऱ्या कबरीसाठी आलेल्या त्या बेकरीवाल्यांसमोर विचारलं, कितीला विकलीस? म्हणते, मी ठेवली होती. चोर दुसरं काय म्हणणार? पन्नास वर्षं तिच्या दारात खुर्ची टाकून बसलेय मी. पन्नास वर्षं. माझी कॉफी तिनं ढवळायची, साखर दिसत नाही म्हणून."

सिल्वानोने सिगारेट बुटाखाली चिरडली आणि दोघींच्या मधे कुठेतरी बघत म्हणाला, "बायांनो, बोला तुम्ही. पण पेटी बंद करायचीय मला. अजून चार कबरी आहेत आणि प्रकाश हा असा."

ओर्नेल्लाने पर्स उघडली. निळा कागद काढताना तो फाटला.

"आसुंतानं नाही," ती म्हणाली. "मी."

एल्दा ओरडली नाही. तिने हात पुढे केले, कागद बाजूला केला आणि लेस मांडीवर पसरली. मान वर, डोळे धुक्याकडे, बोटं चालत राहिली. कडेचा वेल, दुवे, मग जाळी. जाळीवर ती थांबली. एक एक चौकट तिने नखाने मोजल्यासारखी पाहिली. मग गुलाबाच्या उठावावर अंगठा ठेवून बसली.

"कधी?" तिने विचारलं.

"पहाटे. माझ्या पाळीला."

"बारा वर्षांत किती वेळा काढून पाहिलीस?"

"दोनदा."

"दोनदा." एल्दाने मान हलवली. "अगं, मग कशाला घेतलीस? विकली असतीस तर मला कळलं तरी असतं. नवऱ्याचं आजारपण होतं, पोरीचं लग्न होतं, काहीतरी होतं."

"तिच्यात माझा एकही टाका नव्हता."

"म्हणून सगळ्यांचे घेतलेस."

सिल्वानोने कुदळ उचलून पुन्हा भिंतीला टेकवली.

एल्दा उठली. पेटीपर्यंतची तीन पावलं तिने पायाने चाचपत टाकली, खाली वाकली आणि लेस हाडांवर घातली. कुठे काय आहे ते तिला दिसत नव्हतं. तिने हाताने शोधलं, आईच्या मनगटांची हाडं होती का दुसरी, कुणास ठाऊक. कडा सरळ केल्या. नायलॉनची पट्टी तिने सिल्वानोच्या हातात दिली आणि तो ती कचऱ्याच्या गोणीत टाकून आला.

"लाव झाकण," ती म्हणाली.

सिल्वानोने झाकण बसवलं, चारही कोपऱ्यांना खिळे मारले. पेटी नाव लिहून कोनाड्यात सरकवली आणि समोर फरशी बसवून थापीने सिमेंट फिरवलं. सगळं मिळून दहा मिनिटं लागली असतील. प्रार्थना एल्दा एकटीनेच म्हणाली, आणि तीही पुटपुटत.

"आसुंताला तू सांग," फाटकातून बाहेर पडताना ती म्हणाली. "आत्ता. माझ्याबरोबर घरी यायचं नाही, जेवायचं नाही. आधी तिच्याकडे."

"तू पण चल."

"कुठल्या तोंडानं? चोर म्हणाले मी तिला. बेकरीवाल्यांसमोर." तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "मी पुलाच्या पलीकडे बाकावर बसते. तू सांगून ये, मग बघू माझ्यात जायची धमक आहे का."

पूल ओलांडेपर्यंत धुकं विरायला लागलं होतं. पहिले पाहुणे आले होते. कॅमेरे काढून, लाल घरासमोर उभं राहायचं की निळ्या, यावर एका जोडप्याचा वाद चालला होता. एल्दा बाकावर बसली, दोन्ही हात कोटाच्या बाह्यांत. ओर्नेल्ला कालव्याच्या कडेने गेली. वाक्य तिने वाटेत तयार केलं होतं, लहान, कुठलंही कारण न देणारं.

आसुंताचं घर हिरवं. दारावर पट्ट्यांचा पडदा, दार आत उघडं.

"आसुंतामावशी?"

"ये, ये. दार ढकल."

आत पाय ठेवायला जागा नव्हती. कपाटाचे खण काढून जमिनीवर ठेवले होते, एकावर एक, तिरके. चादरी, उशांचे अभ्रे, मेलेल्या नवऱ्याचे सदरे, बिस्किटांचे डबे, धाग्यांची रिळं, नमुन्यांचे कागद, सगळं पलंगावर आणि खुर्च्यांवर. आसुंता या सगळ्याच्या मधे गुडघ्यांवर बसली होती. कोट काढलेला नव्हता. रविवारच्या बुटांपैकी एक पायात होता.

"बरं झालं आलीस," ती म्हणाली. "ते वरचं खोकं मला पोचत नाही."

"काय शोधताय?"

"लेस गं. कुठेतरी असणारच."

ओर्नेल्ला पसाऱ्यातून वाट काढत तिच्यापर्यंत गेली आणि खाली बसली.

"मावशी, ऐका. लेस मी घेतली होती. तुम्ही ठेवलीत, तुम्ही बरोबर ठेवली होतीत, आणि मी पहाटे बदलली. बारा वर्षं माझ्या घरी होती. एल्दाला आत्ताच सांगितलं मी."

आसुंताने हातातला अभ्रा खाली ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं. मग तिने ओर्नेल्लाच्या गालाला हात लावला. तळहात कोरडा होता, लाकडासारखा.

"तुझी आई म्हणायचीच, धाकटीचं मन मऊ."

"मन मऊ नाही, मावशी. खरं सांगतेय."

"बरं. मग कुठेय? दाखव."

लेस पेटीत होती, पेटीवर झाकण होतं, झाकणाला चार खिळे आणि समोर ओलं सिमेंट.

"आईजवळ ठेवली. एल्दानं स्वतः ठेवली आत्ता. तिला विचारा."

"एल्दानं काय ते मला सांगितलंय," आसुंता म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "पन्नास वर्षांत ती माझ्याशी एकदाही खोटं बोललेली नाही. ती उगाच म्हणेल का? येताना पुलावर मला वाटलं, मी ठेवली होती ना? डोळ्यांपुढे आणून पाहिलं. झगा आठवतो. हात आठवतात, किती थंड होते. लेस ठेवलेली आठवेना. मग घरात आले आणि म्हटलं, असेल बाई. गेल्या हिवाळ्यात मी गॅस चालू ठेवून झोपले. भाचीचं नाव मला परवा आठवत नव्हतं."

"मावशी, ते आत्ताचं. हे बारा वर्षांपूर्वीचं आहे. तेव्हा तुमचं डोकं ठिकाणावर होतं."

"तुला काय माहीत? तू मेस्त्रेत होतीस." ती पुन्हा वाकली आणि अभ्र्यांची दुसरी चवड उलगडायला लागली, एक एक, चारही कोपरे तपासून. "चांगली वस्तू होती. मोह झाला असेल मला. सोडवताना दोन महिने माझ्या मांडीवर होती ती, श्वास धरून काम केलं."

"मी एल्दाला घेऊन येते. ती बाकावर बसलीय."

"नको," आसुंता घाईने म्हणाली आणि तिची बाही धरली. "आत्ता नको. असा पसारा बघेल ती. सापडू दे आधी. सापडली की मीच नेऊन देईन, तिच्या हातात. तिला सांग, आसुंता शोधतेय."

बाहेरून पाहुण्यांच्या हसण्याचा आवाज आला. कुणीतरी पडद्यापुढे उभं राहून फोटो काढून घेत होतं. आसुंताने काठीचा आधार घेतला आणि कपाटापाशी गुडघ्यांवर सरकली. सगळ्यात खालचा खण तिने दोन्ही हातांनी ओढला. तो एका बाजूने अडकला.

"हा असाच अडतो पावसाळी हवेत," ती म्हणाली. "त्या बाजूनं धर जरा. जोर लाव."

ओर्नेल्लाने त्या बाजूने धरला आणि जोर लावला.